गंजावर पीएचडी

हेमराज पचारे गंजावर पीएचडी करतो ही बातमी गावात पोचली, तेव्हा पहिली चौकशी त्याच्या बापाची झाली. केवळरामभाऊ तलावाच्या पाळीवर जाळं झटकत होते. सोबत मासे धरणाऱ्या लच्छूनं बिडी पेटवत विचारलं, "भाऊ, पोट्टा शिकून राह्यला का भंगार जमा करून राह्यला?"

"शिकून राह्यला."

"जंग लागलेल्या लोखंडावर?"

"हाव."

"मंग मायी कुऱ्हाड घेऊन जाय म्हना त्याले. वर्षभराचा अभ्यास हाय तिच्यावर."

केवळरामभाऊ हसले. त्यांना मुलाचा अभ्यास कळत नव्हता, पण तो खोटं बोलत नाही एवढं ठाऊक होतं, आणि ते त्यांना पुरत होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढचं हे आमचं गाव ढिवरांचं, म्हणजे तलावावर आणि नदीवर पोट असलेल्यांचं. इथे मुलगा बारावी झाला की त्याला 'सर' म्हणतात. एमएस्सी झालेल्या हेमराजला काय म्हणावं हे ठरेपर्यंत मधली काही वर्षं गेली, आणि मग 'जंगाचा डॉक्टर' हे नाव ठरलं. त्यातला डॉक्टर अजून व्हायचा होता.

मी त्याच्याच वर्गात मूलला शिकलो. तो पुढे गेला आणि मी चंद्रपुरात मोबाइलचं दुकान टाकलं. २००४ साली हाच धंदा चालायचा. गिऱ्हाईक फुगलेली बॅटरी आणून दाखवायचं, मी ती काउंटरवर भोवऱ्यासारखी फिरवून दाखवायचो. जी फिरली ती मेलेली. हेमराज संध्याकाळी कॉलेजातून सुटला की दुकानात बसायचा आणि त्या मेलेल्या बॅटऱ्या हातात घेऊन एखाद्या नातेवाइकाचं प्रेत बघावं तसं बघायचा.

"अबे, फेक ते," मी म्हणायचो.

"पाय ना, आत काय हाय ते तुले मालूम हाय का? एका अंगाले एका धातूचं ऑक्साइड. दुसऱ्या अंगाले कोळशाचा भाऊ, ग्राफाइट. मधात लिथियम जाते अन् येते. चार्ज केलं का इकडे, वापरलं का तिकडे. एवढंच."

"मंग तुया जंग कुठी बसते यात?"

"त्या कोळशाच्या जागी. लोखंडाचं ऑक्साइड कोळशापेक्षा कितीतरी जास्त लिथियम पोटात घेते."

"मंग घालून टाका न बाप्पा. कायले वाट पाहून राह्यले?"

"घेते, पण फुगते. सोडते तवा आकसते. धा-पाच खेपा झाल्या का चुरा होते, अन् बॅटरी गेली." मग तो बोडीचं उदाहरण द्यायचा. भाताच्या शेताजवळची आमची ती लहान तळी. "बोडी भरली का तळचा चिखल फुगते, आटली का ह्या एवढ्या भेगा. काऊन? चिखल सलग हाय म्हनून. तोच ढेकूळ फोडून भुरका करून ठेव, मंग भेग पडाले जागाच नाई. आपल्याले तेच करा लागते. दाना इतका बारीक, का फुगला तरी फुटाचा नाई. नॅनो म्हंते त्याले."

त्याच्या अख्ख्या प्रबंधातलं मला समजलं ते इतकंच. पुढे जे झालं ते समजायला तेवढं पुष्कळ आहे.

त्याची कृती ऐकायला स्वयंपाकासारखी होती. लोखंडाचा एक क्षार आणि लिंबात असतं ते आम्ल पाण्यात विरघळवायचं, आटवत आटवत गुळाच्या पाकासारखं करायचं, वाळवायचं, आणि मग भट्टीत तापवायचं. कमी तापवलं तर कचरा जळत नाही. जास्त तापवलं तर बारीक दाणे एकमेकांना चिकटून मोठे होतात. त्याचे मार्गदर्शक कावडकर सर. त्यांनी स्वतःच्या जुन्या प्रबंधातून आठ तास हा आकडा काढून दिला होता आणि तो त्यांच्या दृष्टीनं गायत्री मंत्र होता.

भट्टी कॉलेजच्या मागच्या खोलीत होती. खिडकीतून वीज केंद्राची धुराडी दिसायची. अर्ध्या महाराष्ट्राला दिवे पुरवणारी धुराडी समोर, आणि खोलीत रोज अंधार. आमच्याकडे लाइन जाणं ही घटना नसते. पहाट होते, कोंबडा आरवतो, लाइन जाते. हेमराजनं पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी इमानेइतबारे लिहून ठेवलं: वीज गेली, वीज आली, भट्टी पुन्हा लावली. सरांनी पानं उलटली आणि चष्मा काढला.

"हे विज्ञान आहे का वीज कंपनीकडे केलेली तक्रार?"

"सर, गेलती लाइन."

"लाइन कोणाकडे जात नाही? मी पीएचडी केली तेव्हाही जात होती. परदेशातला माणूस हे वाचून काय म्हणेल? यांच्याकडे साधी वीज नाही, हे काय बॅटऱ्या करतात! डायलवर काय लावलं होतं?"

"आठ तास."

"मग आठ तास लिही."

त्या दिवसापासून जे डायलवर, तेच कागदावर. कॉलेजात सगळे असंच करत. हेमराजलाही ते पटलं, आणि याचं खरं कारण सर नव्हते. कारण घरच्या चुलीत होतं. त्याची माय मैनाबाई भात अर्धा शिजला की चुलीतली लाकडं ओढून विझवायची आणि गंजावर, म्हणजे भाताच्या पातेल्यावर, झाकण ठेवून उरलेला भात निखाऱ्यावर सोडायची. लाकूड वाचतं आणि भात बसतो. आमच्याकडे प्रत्येक घरी असंच शिजतं. आग काढली म्हणून शिजणं थांबलं, असं इथला कोणी समजत नाही. भट्टीची जाड विटांची भिंत रात्रभर ऊब धरायची. लाइन गेली तरी आतलं आपलं होतच असेल, निखाऱ्यावर मुरत असेल, हे त्यानं कधी ठरवलंसुद्धा नाही. ते त्याच्या हाडात होतं.

२००५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ऊन असं की कॉलेजच्या पाटीवरचा रंग पापुद्रे सोडत होता. भट्टी नुकती तापली होती आणि लाइन गेली. खोलीत हेमराज आणि आलापल्लीकडचा गोंड शिपाई वारलू, दोघंच.

"गेली," वारलू म्हणाला.

"भट्टी गरम हाय ना?"

"हात लावून पाय."

"मंग होऊ दे."

एरवी लाइन लवकर यायची आणि तो भट्टी पुन्हा लावायचा; त्या दिवशी ती सांजेला आली. भट्टी आपणहून पुन्हा सुरू होणाऱ्यातली नव्हती. दार उघडलं तर आत भुकटी तयार होती. शेंदरासारखी उजळ, आणि फुंकलं तर उडेल इतकी हलकी. हेमराजनं ती बाटलीत भरली आणि लिहिलं, आठ तास.

लपवाछपवी न करता आत्ताच सांगून टाकतो. जे काही झालं ते त्या दुपारी झालं. भट्टीनं जेमतेम तासभर खरी आच दिली, मग ती निवत गेली. कचरा जळला आणि दाण्यांना मोठं व्हायला वेळच मिळाला नाही. निखाऱ्यावर भात शिजतो. लोखंडाचं ऑक्साइड शिजत नाही, ते होतं तिथेच थांबतं. पण हे आज कळतं. तेव्हा हेमराजला नाही कळलं, सरांना नाही, आणि वारलू तर भिंतीला टेकून झोपला होता.

बॅटरी करून तपासायची सोय चंद्रपुरात नव्हती. त्यासाठी दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जावं लागे. बल्लारशाहून रात्रभराचा प्रवास. हेमराज बाटली जेवणाच्या डब्यात, चपात्यांच्या खाली ठेवून घेऊन गेला. तिथल्या डॉ. पद्मजा यांनी भुकटीत काजळी आणि चिकटवण मिसळून तांब्याच्या पत्र्यावर लेप दिला, हवा काढून आर्गॉन वायू भरलेल्या काचेच्या पेटीत हातमोज्यांनी रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी बांधली आणि यंत्राला लावली. हेमराज परत आला. काही आठवड्यांनी त्यांचा फोन माझ्या दुकानात आला, कारण जंगाच्या डॉक्टरकडे स्वतःचा मोबाइल नव्हता.

फोन ठेवून तो स्टुलावर बसला.

"काय झालं बे?"

"फुटून नाई राह्यली."

"कोन?"

"मायी भुकटी. शंभर खेपा झाल्या, अजून जशीच्या तशी हाय. मॅडम म्हंते, असं पाह्यलं नाई."

मी त्याला समोरच्या टपरीवर नेऊन समोसे खाऊ घातले. मला वाटलं होतं तो नाचेल. तो समोसा हातात धरून रडत होता, आणि टपरीवाला मला विचारत होता, "घरी कोनी गेलं का?"

पेपर छापून आला. हेमराज, कावडकर सर आणि डॉ. पद्मजा अशी तीन नावं. कॉलेजात सत्कार झाला. सरांनी भाषणात सांगितलं की या भट्टीपाशी ते स्वतः आठ-आठ तास उभे राहिले, आणि वारलूनं मागच्या बाकावरून खोकून साथ दिली. संस्थेच्या अध्यक्षांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथल्या तिथे भट्टीसाठी जनरेटर जाहीर केला. आता संशोधनात वीज आड येणार नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. जनरेटरला नारळ फोडला, हार घातला.

डॉ. पद्मजांनी हेमराजला फेलोशिप देऊन बोलावून घेतलं. अट एकच, साधी: तीच भुकटी तिथे पुन्हा करून दाखवायची. केवळरामभाऊ त्याला सोडायला बल्लारशापर्यंत आले. मुलगा पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर राहायला चालला होता. लच्छूनं त्याच्यासोबत खरंच कुऱ्हाड पाठवली होती. ती आम्ही स्टेशनवरून परत आणली.

तिथली भट्टी चकचकीत. लाइन जाणं तिथे कोणाला माहीत नव्हतं. हेमराजनं पाक केला, वाळवला, आठ तास तापवला. दार उघडलं तर भुकटी जांभळट, छपरावरच्या जुन्या कवेलूच्या रंगाची. बॅटरी केली. दहा-बारा खेपांत ती मेली.

त्याला वाटलं हात चुकला. पुन्हा केली. पुन्हा जांभळट. क्षार बदलला, आम्ल बदललं, भांडं बदललं. मग फोनवर मला म्हणाला, "पानी असन."

"काय पानी?"

"चंद्रपूरचं पानी. क्षार हाय त्यात. एक कॅन धाड न."

मी कॉलेजच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून ओळखीच्या एका गार्डाबरोबर पाठवलं. गार्डानं विचारलं, यात काय? मी म्हटलं गंगा. चंद्रपूरच्या नळाचं पाणी लोक चंद्रपुरात पीत नाहीत, ते हेमराजनं परमुलखात घोट-घोट मोजून वापरलं. तरीही भुकटी जांभळट झाली.

तिथले बाकीचे संशोधक आधी हसायचे, मग हसणं बंद झालं. हसणं बंद होणं जास्त वाईट. त्याच्या टेबलापाशी बोलणं थांबायला लागलं. कोणीतरी जेवताना म्हटलं की लहान कॉलेजांत आकडे भट्टीत नाही, डोक्यात शिजतात. डॉ. पद्मजांनी एक दिवस दार लावून विचारलं, हिंदीतून, शांतपणे, "हेमराज, वो पाउडर तुमने ही बनाया था ना?"

"हाव मॅडम," तो म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून आपलीच बोली यायची.

"कहीं से लाया तो नहीं?"

या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं की नाही ते त्यानं मला सांगितलं नाही. जुनी भुकटी संपली होती, त्यामुळे दाखवायलाही काही नव्हतं. फेलोशिप थांबली. तो परत आला तेव्हा बल्लारशाला घ्यायला मी एकटाच गेलो. त्यानं बापाला गाडीची वेळ कळवलीच नव्हती.

मला वाटलं होतं, आता शाळेत नोकरी बघेल. पण त्याचं एकच चालू होतं. "नोकरी नंतर. मी केलं ते खरं होतं. ते एकदा दाखवा लागते. नाई तर मी काय हावो?"

तो पुन्हा कॉलेजच्या भट्टीपाशी गेला. तीच खोली, तीच भट्टी, तेच पाणी, तोच वारलू. इथे तर जमायलाच पाहिजे. पण आता खिडकीखाली हार वाळलेला जनरेटर होता. लाइन गेली की तो धडधडायचा आणि भट्टी आठ तास तापत राहायची. भुकटी जांभळट. ज्या पेपरमुळे जनरेटर आला, तो पेपर खरा ठरू न देण्याचं काम जनरेटर चोख करत होता. महिन्यामागून महिने गेले. हेमराजच्या गालाची हाडं वर आली. मैनाबाई मला रस्त्यात धरून म्हणाली, "भाऊ, माया पोट्ट्याले कोनी काई केलं का पाय न. बाहेरचं असन." मी म्हटलं, बाई, बाहेरचं नाही, आतलंच आहे. तिला ते काय समजणार. मलाही तेव्हा समजलं नव्हतं.

मग २००७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी जनरेटरचं डिझेल काढून नेलं. भट्टी तापली, लाइन गेली, जनरेटर दोनदा खोकला आणि बसला. वारलू म्हणाला, "गेली."

हेमराज सांजेपर्यंत तिथेच बसून राहिला. दार उघडलं तेव्हा आत शेंदूर होता.

तो धावत दुकानात आला. हाताला, कपाळाला लाल भुकटी लागलेली. गिऱ्हाइकं बाजूला झाली. त्यांना वाटलं मारुतीच्या देवळातून कोणी अंगात आलेला सुटलाय.

"लाइन गेलती!" तो ओरडला.

"अबे, आत्ताच आली न."

"आत्ताची नाई. तवाची! त्या मे महिन्यात! शिजलीच नवती ते. अर्धी शिजली, म्हनून बारीक राह्यली. मी समजो, निखाऱ्यावर होऊन जाईन." आणि तो हसायला लागला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. "मायनं भात जसा शिजवला, तसा मी जंग शिजवला बे."

खात्री करायला त्यानं दुसऱ्या दिवशी भट्टी तापवली आणि तासाभरानं स्वतःच्या हातानं बटन बंद केलं. शेंदूर. तिसऱ्या दिवशीही शेंदूर. बटन बंद करण्यासाठी माणसानं दोन वर्षं झिजावीत, हे सांगितलं तर लच्छू वर्षभर हसला असता.

आम्हाला वाटलं, सुटलो. मी तर समोसेही आणले. पण हेमराज समोशाकडे बघत बसला आणि म्हणाला, "आता एक सांगा लागन. का मी आठ तास लिहिलं ते खोटं होतं."

पेपर दुरुस्त करायचा तर त्यातल्या साऱ्या नावांनी लिहून द्यायला हवं होतं. डॉ. पद्मजा फोनवर तयार झाल्या, म्हणाल्या, आधी सरांची सही आणा. तो सरांच्या घरी गेला. मीही सोबत गेलो. सर तेव्हा प्राचार्य व्हायच्या बेतात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मूर्ख माणूस नव्हता तो. त्यांना क्षणात समजलं, आणि डोळ्यांत एकदा चमकूनही गेलं, की पोरानं खरंच काहीतरी शोधलं आहे.

"म्हणजे एक तास," ते म्हणाले.

"हाव सर. जास्तीत जास्त."

"आणि मी आठ तास तिथे उभा होतो, असं मी सांगितलं."

"तुमी नवते सर."

मी त्याच्या पायावर पाय दिला. सरांनी पाणी मागवलं, प्यायले. मग समजुतीनं बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हेमराज, ऐक. लोखंड सोड. मँगनीज घे. नवीन विषय, नवीन आकडे, तासाभराची कृतीही त्यात वापर. दोन वर्षांत डॉक्टर होशील, मी करतो. हा पेपर पडून राहू दे. पडलेले पेपर कोणी उकरत नाही."

"पन सर, तिकडे मले खोटारडा म्हंते."

"चार माणसं म्हणतात. तू लिहून दिलंस की जग म्हणेल. कागदावर तू काय लिहिलंस? आठ. आता म्हणतोस एक. लोक भुकटी बघणार नाहीत, हे बघतील."

परत येताना मी त्याला म्हटलं, "सर वाईट हाय, पन बोलला ते बरोबर हाय. मँगनीज घे."

तेव्हा त्यानं मला बापाची गोष्ट सांगितली. गाव एक असूनही मला ती ठाऊक नव्हती. हेमराज पाळण्यात होता तेव्हा एका उन्हाळ्यात तलावातले मासे उलटे होऊन वर आले. मच्छीमार सोसायटीतल्या काहींनी म्हटलं, केवळरामनं पाण्यात विषाची दवाई टाकली. त्यांनी पाळीवर उभं राहून ओंजळीत पाणी घेऊन शपथ घेतली. अर्ध्या गावानं मानलं, अर्ध्यानं नाही. "ज्याईनं नाई मानलं ते अजूनई बाबासंग हसते, बोलते, जेवते. बाबा म्हंते, थे शिव्या देते तर बरं होतं."

"मंग?"

"मंग मले अर्धं नाई पाहिजे."

त्यानं पेपर छापणाऱ्या जर्नलला एकट्यानं लिहून दिलं. वीज गेली होती, तापवणं एक तासाच्या आतच झालं, आठ तास हे मी लिहिलं आणि ते चूक होतं. नव्या भुकटीची बाटली डॉ. पद्मजांना पाठवली. सरांनीही लिहून दिलं, वेगळं: प्रयोग विद्यार्थ्यानं एकट्यानं केले, नोंदींशी माझा संबंध नाही. जर्नलवाल्यांनी दोन्ही वाचलं. त्यांना भुकटी शिजवून बघायची नव्हती, कागद बघायचे होते. पेपर मागे घेतला गेला, आणि कारण छापलं ते एका ओळीत: मुख्य लेखकानं नोंदी चुकीच्या असल्याचं कबूल केलं आहे. त्या ओळीत एक अक्षर खोटं नव्हतं. हेमराजनं ती माझ्या दुकानातल्या संगणकावर वाचली, पुन्हा पुन्हा वाचली, आणि म्हणाला, "बरोबर लिहिलं हाय." विद्यापीठानं त्याची नोंदणी रद्द केली. सर प्राचार्य झाले. वारलूनं बदली मागून घेतली.

हेमराज आता एमआयडीसीतल्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहे. लोखंडाच्या दगडातला ऑक्सिजन काढून टाकायचं काम. "पह्यले जंग लावो, आता काढतो," तो म्हणतो. कामाच्या पाळीवरून सुटला की फक्त दात पांढरे दिसतात. खोकला लागला आहे, उन्हाळ्यात वाढतो. लग्नाच्या दोन जागा आल्या आणि चौकशी करून गेल्या. लच्छू आता त्याला जंगाचा डॉक्टर म्हणत नाही. नुसतं हेमराज म्हणतो, आणि त्याला ते जास्त लागतं.

गेल्या वर्षी, २००८ च्या दिवाळीनंतर, डॉ. पद्मजांचा फोन पुन्हा माझ्या दुकानात आला. मी कारखान्याच्या फाटकावरून हेमराजला गाडीवर बसवून आणलं. तो काळाच्या काळा स्टुलावर बसला. त्यांनी सांगितलं: ती बाटली त्यांनी ठेवून दिली होती. आता एका नव्या विद्यार्थ्याला तशीच थोडा वेळ तापवून करायला सांगितली. जमली. तीनशे खेपा झाल्या, अजून फुटली नाही.

"किती टाइम तापवली मॅडम?"

"एक घंटा. जैसे तुमने बोला था."

"पेपर लिहिणार?"

"हां."

"त्यात मायं नाव..."

त्या बराच वेळ बोलल्या. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, ते त्यानं नंतर सांगितलं; तेव्हा हेमराजचं 'हाव मॅडम' तेवढं ऐकू येत होतं. मागे घेतलेल्या पेपरचं नाव नव्या पेपरात घेता येत नाही. त्याचं नाव घातलं तर त्या मुलाचाही पेपर अडकेल. त्यांना वाईट वाटत होतं. फक्त त्याला कळावं म्हणून फोन केला.

"मॅडम, एक काम करता का? तुमाले मालूम झालं, का मी खोटा नाई. एवढंच कावडकर सरले एक फोन करून सांगता का?"

मग त्या जे बोलल्या त्यावर तो म्हणाला, "ठीक हाय मॅडम. नाई, नाई. ठीक हाय."

त्या रविवारी आम्ही गावाला गेलो. केवळरामभाऊ पाळीवर होते, सोबत लच्छू आणि आणखी चार-सहा जण. हेमराजनं बापाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हंजे तू केलं ते खरं होतं."

"हाव बाबा."

"त्या बाईनं करून पाह्यलं."

"हाव."

"मंग हे गावात सांगतो ना मी."

"कोनाले सांगता बाबा? पह्यले पीएचडी सांगा लागन, मंग बॅटरी, मंग जंग, मंग लाइन गेलती ते."

"लाइन गेलती ते तं समजन सगळ्याईले," केवळरामभाऊ म्हणाले, आणि तसेच ओल्या पायांनी लोकांकडे गेले. त्यांनी सांगितलं. भट्टी, भुकटी, आठ तास, एक तास, पद्मजाबाई, सगळं आपल्या परीनं मांडलं. आवाज चढत गेला. शेवटी म्हणाले, "म्हंजे पोट्टा खोटा नवता. लाइन गेलती. त्यानं लिहिलं नाई, एवढंच झालं."

सगळे ऐकत होते. कोणी हसलं नाही. लच्छूनं बिडी विझवली, थोडा विचार केला आणि अगदी मनापासून म्हणाला,

"भाऊ, लाइन तं रोजच जाते. त्यात लिहिनं काय हाय?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी हाक दिली, आणि सगळे जाळं ओढायला पाण्यात उतरले. केवळरामभाऊ पाळीवरच उभे राहिले. हेमराज दुसरीकडे बघून खोकत होता.